बरणी परत लिलावात

३ ऑगस्ट, रविवार

चर्चच्या पाळकसाहेबांनी ही डायरी हातात दिली तेव्हा मार्च सरत होता आणि माझ्या बायकोला, लीलाला, जाऊन आठवडा झाला होता. "देवीदासभाऊ, घरात बोलायले माणूस नसलं की लिहावं. असं लिहा की परक्याने वाचलं तरी त्याले कळलं पाह्यजे," म्हणाले. मी बोलणारा माणूस. सगळी नोकरी अमरावतीच्या बसस्टँडवर माइकसमोर गेली. अकोला, परतवाडा, धामणगाव, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगता सांगता रिटायर झालो. कागदाशी आपलं जमत नाही, म्हणून वही इतके दिवस कोरीच होती. आज लिहितोय, कारण आज सांगण्यासारखं आहे आणि घरात ऐकायला कोणाला वेळ नाही.

उपासनेनंतर कमिटी बसली. हार्वेस्ट नऊ नोव्हेंबरला धरलं. परक्याला कळावं म्हणून लिहितो: हंगामाच्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हा आमचा सण. ज्याच्या घरी जे पिकलं, जे रांधलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं आणि उपासना झाली की मंडपात त्याचा लिलाव. लिलाव दरवर्षी मी पुकारतो. यंदाही मीच. कोणीतरी हळूच म्हणालं की भाऊंना यंदा झेपेल का. मी म्हणालो, बायको गेली आहे, आवाज गेलेला नाही.

लिलावात शेवटची वस्तू ठरलेली असते, लीलाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. आमच्याकडची रीत अशी की चांगली वस्तू घेणारा ती घरी नेत नाही. "परत लिलावात," म्हणतो आणि टेबलावर ठेवतो, की तिच्यावर पुन्हा बोली. बरणी अशी दोनचार हात फिरते आणि शेवटी मीच घेतो. माझ्या बोलीवर कोणी बोलत नाही. स्वतःच्याच घरचं लोणचं विकत घेणारा म्हणून सगळी मंडळी मला हसते, लीला पदर तोंडाला लावते, आणि सण संपतो.

यंदा नवी बरणी कुठून येणार? जानेवारीत तिने घातलेली एक तेवढी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. तेव्हा डॉक्टरने तिचं मीठ बंद केलेलं, चाखायचीसुद्धा चोरी. सगळं अंदाजाने घातलं आणि एक फोड माझ्यापुढे धरून म्हणाली, "मीठ पाहून सांगा." मी म्हणालो, मुरू दे आधी. तिने बरणीच्या तोंडावर कापडाचा दादरा बांधला, तो अजून तसाच आहे. मी ठरवून टाकलं आहे. बरणी नोव्हेंबरपर्यंत जशीच्या तशी राहील, लिलावात शेवटी जाईल आणि मी ती घरी परत आणीन. तिच्या हातची तेवढीच वस्तू राहिली आहे.

सुनेला बजावलं, "हर्षा, त्या बरणीले कोणी हात लावाचा नाई."

"बरं, पप्पा," म्हणाली.

१६ ऑगस्ट, शनिवार

माझा मुलगा किशोर अकोल्याहून आला. सोमवार ते शुक्रवार नोकरीसाठी तिथे खोली घेऊन राहतो, शनिवारी घरी. आल्याबरोबर दोघं नवराबायको खोलीत शिरली. दाराबाहेरून कुजबुज ऐकू येत होती. मी खाकरलो तर आवाज बंद.

या पोरीचं मला अलीकडे काही कळत नाही. चर्चच्या गायनमंडळात चांगला दुसरा सूर लावायची, तिथे जाणं सोडलं. का, तर सरावाच्या खोलीत कोंदट होतं. दुचाकी अंगणात धूळ खाते आहे आणि ही कोचिंग क्लासच्या नोकरीवर ऑटोने जाते. फोडणी घातली की नाकाला ओढणी लावून अंगणात पळते. परवा मी गॅलरीतून पाहिलं, संध्याकाळी सहाला झोपलेली. लीला तापात असली तरी संध्याकाळी नीट साडी नेसून दिवा-बत्ती करायची.

मला वाटतं हे दोघं अकोल्याला घर पाहून राहिले. पाहोत. मला खिचडी येते करता.

२४ ऑगस्ट, रविवार

आज साक्षीच्या वेळी मी उठलो. उपासनेत पाळकसाहेब विचारतात, देवाने कोणाचं काही भलं केलं असेल तर उभं राहून सांगा. मी सहसा पहिला उठतो. आज डोळ्याचं ऑपरेशन न करता चष्म्यावर भागलं, याबद्दल आभार मानले. अशा गोष्टी मनात ठेवायच्या नसतात.

मागच्या वर्षी हर्षाला दिवस राहिल्याचं मला शुक्रवारी कळलं आणि रविवारी मी उभा राहून साऱ्या मंडळीला सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढे ते राहिलं नाही. देवाची इच्छा. पण मंडळीने काय प्रेम केलं! रोज कोणी ना कोणी घरी प्रार्थनेला यायचं, विचारपूस करायचं, कसं झालं, केव्हा झालं. आणि ही पोरगी आतून दार लावून बसायची. लोक एवढे येतात आणि ही दार लावते. मला तेव्हाही पटलं नव्हतं. लीलाने मला एवढंच म्हटलं होतं, "तुमी जरा थांबत जा." कशाला थांबायचं ते तिने सांगितलं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

आज बरणीला ऊन दाखवायला काढली. दादऱ्याची गाठ वेगळी होती.

लीला सुती पट्टी दोनदा फिरवून टोक आत खोचायची. इथे साधा बो, बुटाच्या लेससारखा. उघडून पाहिलं. लोणचं दोन बोटं खाली गेलेलं.

मी खाल्लेलं नाही. मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही.

आधी वाटलं उंदीर. पण उंदीर बो बांधत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा पाहिलं. आता अर्धीच बरणी उरली. डोकंच फिरलं. भांडी घासायला जमुना येते, तिला विचारलं. सरळ विचारलं, आडवळणाने बोलणं मला येत नाही.

"जमुना, लोणचं कोण खाऊन राहिलं?"

तिने हातातली कढई खाली आपटली. "साहेब, मी या घरात लीलाबाई होत्या तवापासून येऊन राहिली. मले काई खावंसं वाटलं त मी मांगून खाते. तुमाले डोळे हायेत का नाई?"

"डोळे हायेत म्हणूनच दिसलं."

"तुमाले काई दिसत नाई," ती म्हणाली आणि नळ इतका जोरात सोडला की माझ्या पायजम्यावर पाणी उडालं.

तेवढ्यात हर्षा दारात आली. चेहरा पांढरा. "पप्पा, जमुनाबाईले काई म्हणू नका. मी खाल्लं."

"तू?"

"मीच. रोज थोडं थोडं."

मी विचारणार होतो का म्हणून, पण तोंडातून दुसरंच निघालं. मी म्हणालो, घरात आंब्याचं लोणचं आहे, लाल ठेचा आहे, बाजारात पाहिजे ते मिळतं, आणि तुला मेलेल्या बाईची तेवढीच वस्तू सापडली? ते संपलं की ती संपली, एवढंही कळत नाही तुला?

जमुना म्हणाली, "सांगून टाक वो बाई." हर्षाने नाही म्हणून मान हलवली आणि आत गेली. मग बेसिनवर ओकारीचा आवाज. मी रागावलो की पोरींना ओकाऱ्या होतात, हे नवीनच.

बरणी माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली उशीखाली.

१४ सप्टेंबर, रविवार

किशोर काल आला. आज चर्चहून आल्यावर म्हणाला, "पप्पा, एका लोणच्यासाठी तुमी तिले एवढं बोलले?"

मी म्हणालो, एका लोणच्यासाठी नाही. तू तिचा मुलगा आहेस, तुला समजायला पाहिजे.

"मले समजते. तुमालेच समजत नाई."

"मंग समजून सांग ना! काय कुजबुज चालते तुमची? अकोल्याले चालले का तुमी? सरळ सांग."

काहीतरी तोंडावर आलं होतं त्याच्या. मग म्हणाला, "तुमाले सांगतलं की आख्ख्या अमरावतीले कळते."

ते खरंच आहे. माझा आवाज माइकशिवाय बडनेऱ्यापर्यंत जातो, असं डेपो मॅनेजर म्हणायचे. पण हे तो का म्हणाला ते कळलं नाही. आणि अकोल्याचं त्याने नाही म्हटलेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

हर्षा धामणगावला माहेरी गेली आहे. किशोर तिला सोडून परस्पर अकोल्याला गेला. जमुना येते, भांडी घासते, जाते. बोलत नाही. घरात घड्याळाचाच तेवढा आवाज. मी रेडिओ लावतो आणि बंद करतो.

कपाट उघडून बरणी पाहतो. झाकण काढत नाही. नुसती उजेडापुढे धरतो, पण चिनीमातीतून काय दिसणार?

संध्याकाळी पार्बताबाई आल्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. लीलाची जिवाची मैत्रीण. चहा मीच केला. चहा पिता पिता म्हणाल्या, "भाऊ, ती बरणी पोरीले देऊन टाका न."

म्हटलं, तुम्हीसुद्धा? ती लिलावाची आहे.

"पोरगी जेवते काय, खाते काय, पाहता का तुमी? अन्न टिकत नाई तिच्या पोटात."

"पित्त असेल. ऊन लागलं असेल. डॉक्टरले दाखवा म्हणा."

पार्बताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मोठ्या माणसाला गणित येत नसलं की शाळेतली बाई जशी पाहते तसं. "दाखवलं हाय डॉक्टरले," म्हणाल्या आणि कपबशी आत नेऊन ठेवली. जाताना विचारलं, "मीच सांगू का तुमाले? पर मी वचन देल्लं हाय." मी म्हणालो, वचन दिलं असेल तर मोडू नका. बाई आहेत, काहीतरी गुपितं ठेवायची सवयच असते.

१९ ऑक्टोबर, रविवार

हर्षा परत आली. माहेरचं मानवलं आहे तिला. गाल भरले, कंबर भरली, कुर्ते घट्ट व्हायला लागले म्हणून दोन नवीन शिवून आणले. चला, पित्त तरी गेलं.

पण एक सवय लागली आहे. पर्समध्ये कागदात चिंचेचे गोळे. चर्चमध्ये उपदेशाच्या वेळी तोंडात काहीतरी चघळत होती. मागच्या बाकावरच्या बायका तिच्याकडे पाहून हसत होत्या आणि कोणी काही म्हणालं नाही. माझ्या पोरपणी असं केलं असतं तर पाळकसाहेबांनी कान धरून बाहेर काढलं असतं.

दुपारी माझ्या खोलीत झाडायला आली. झाडता झाडता लोखंडी कपाटासमोर थांबली. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. हात कपाटाच्या दाराला लावला, नुसता तळवा, आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. जसं काही आत माणूस आहे. मग झाडू उचलला.

मला वाटलं द्यावी काढून. खरं सांगतो, वाटलं. पण हार्वेस्ट तीन आठवड्यांवर आलं आहे आणि बरणी आधीच अर्धी झाली आहे. आणखी दिली तर टेबलावर काय ठेवू? रिकामी बरणी पुकारू का? किल्ली उशीखालीच राहू दिली. रात्री झोप लागली नाही, पण ते जेवण जड झालं असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज हार्वेस्ट झालं. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

वेदीपुढे चांगलं भरलं होतं. संत्र्यांच्या टोपल्या, कोहळी, ज्वारीची कणसं, कापसाच्या पहिल्या वेचणीची एक थैली, कोणाचा केक, आणि पाय बांधलेला एक गावरान कोंबडा, तो पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत दोनदा आरवला. शेवटी मी बरणी ठेवली. अर्धी. दादरा मी बांधला होता, लीलासारखा जमला नाही.

मंडपात लिलाव सुरू झाला आणि मला बरं वाटलं. माइक हातात आला की मी माणसात येतो. कोंबडा आधी बँकेतल्या गजेंद्रने घेतला आणि ऐटीत म्हणाला, "परत लिलावात!" दुसऱ्याने घेतला, परत लिलावात. तिसऱ्याने घेतला, परत लिलावात. चौथ्यांदा बोली अडकली ती गजेंद्रवरच, आणि आता त्याला सोडवेना. बायको म्हणे, घरात आणाल तर मी माहेरी जाते. मंडप हसून हसून लोटपोट. मग संत्री गेली, कोहळी गेली, केक पोरांनी जागेवरच संपवला.

मग बरणी. मी दरवर्षी इथे बसस्टँडच्या आवाजात म्हणतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, दिवसातली शेवटची गाडी फलाटावर लागलेली आहे." लीला याच वाक्याला पदर तोंडाला लावायची. मी "प्रवाशांनी" म्हणालो आणि पुढचं येईना. समोरची मंडळी खाली पाहायला लागली. मला माझीच लाज वाटली. तसंच पुढे रेटलं, "लिंबाचं लोणचं. बोला."

गजेंद्रने बोली लावली, घेतली, परत लिलावात. एका म्हाताऱ्या ब्रदरने घेतली, परत लिलावात. मग मी माझी बोली सांगितली. सवयीप्रमाणे सगळे गप्प.

"एक वार," मी म्हणालो. "दोन वार."

"त्याच्यावर शंभर." बायकांच्या बाजूने आवाज आला. पार्बताबाई.

थट्टा असेल म्हणून मी हसलो आणि वाढवलं. त्यांनी वाढवलं. मी पुन्हा वाढवलं. त्यांनी पुन्हा. हसणं थांबलं.

"पार्बताबाई, रीत माईत हाय ना तुमाले? शेवटची बोली माई असते."

"माईत हाय, भाऊ. लीलाबाई होती तवर तुमची होती. आता आमची हाय." आणि त्यांच्यामागे एक एक करत सगळं महिला मंडळ उभं राहिलं. काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा. काठी आपटत एक म्हणाली, "पुकारा न, काहून थांबले?"

मी किशोरकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता. मी आणखी वाढवू शकलो असतो, पेन्शन आहे माझी. पण एवढ्या बायका उभ्या, आणि लिलाव पुकारणाऱ्याला आपल्याच बोलीसाठी भांडता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं ते माझ्याच गळ्यात आलं. मी म्हणालो, "तीन वार." इतक्या जोरात म्हणालो की छतावरची कबुतरं उडाली.

पार्बताबाई टेबलाशी आल्या, बरणी उचलली. मी हात पुढे केलेलाच होता. आता त्या म्हणतील, परत लिलावात. म्हणतीलच. सगळे म्हणतात.

त्या वळल्या, बायकांच्या रांगेतून शेवटपर्यंत चालत गेल्या आणि खुर्चीवर बसलेल्या हर्षाच्या मांडीवर बरणी ठेवली. दादरा सोडला. एक फोड काढून तिच्या हातात दिली. हर्षाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ती फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. उपाशी माणूस खातो तशी खाल्ली. एका बाईने पायाखाली घ्यायला तिच्यासाठी दुसरी खुर्ची ओढली. एक म्हातारी तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. पार्बताबाई माझ्याजवळ परत आल्या आणि अगदी हळू बोलल्या, "आजीच्या हातचं लेकराच्या पोटात गेलं पाह्यजे, भाऊ. बरणीत ठेवून काय करता?"

रखडलेल्या गाड्या एकदम फलाटावर याव्यात तसं सगळं एकदम आलं. ऑटो. फोडणी. चिंच. नवे कुर्ते. किशोरची कुजबुज. जमुनाचं, तुमाले डोळे हायेत का नाई. अकोल्याला कोणी चाललं नव्हतं. आणि मी त्या पोरीला ओकारी येत असताना कपाटाला कुलूप घातलं.

माइक माझ्या हातात होता. चालू होता. सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती, पाळकसाहेब हसत होते, आणि वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. प्रभूची स्तुती असो, माझ्या घरी. नुसतं तोंड उघडायचं होतं.

किशोर खुर्चीवरून अर्धा उठला. हर्षाचं चघळणं थांबलं. एक हात बरणीवर होता, दुसरा पोटावर गेला, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. भीत होती. मी आजवर पुष्कळ लोकांना माझ्या आवाजाने धावताना पाहिलं आहे, पण माझ्या आवाजाला असं भिताना कोणाला पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं, मागच्या वर्षी, तिने लावून घेतलेल्या दारात?

मी म्हणालो, "लिलाव संपला. सगळ्यांनी जेवूनच जावं."

आणि माइक बंद केला.

घरी आल्यावर कपाटाची किल्ली हर्षाच्या टेबलावर ठेवली. आता कपाटात काही नाही, पण ठेवली. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली, तिनेच केलेला, आणि माझ्याजवळ बसली. पुष्कळ वेळ बसली. मला विचारायचं होतं, किती महिने, डॉक्टर काय म्हणतात, सगळं. थांबलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

साक्षीची वेळ. पाळकसाहेबांनी विचारलं आणि आख्खी मंडळी माझ्या बाकाकडे वळली. मी समोरच्या फळ्यावर लिहिलेले गीतांचे आकडे वाचत बसलो. जागचा हललो नाही. दुसऱ्या कोणीतरी उठून आपल्या मुलीच्या निकालाबद्दल आभार मानले.

बाहेर गजेंद्रने गाठलं. "काय देवीदासभाऊ, आवाज बसला का आज?"

"बसला," मी म्हणालो. त्याला कोंबड्याचं विचारलं. कोंबडा अजून घरात आहे, बायकोही आहे, म्हणाला.

येताना बाजारातून पिवळी, पातळ सालीची लिंबं आणली. दुपारी हर्षा पाय वर घेऊन खुर्चीवर बसली आणि मी चिरायला लागलो. "हात कोरडे करा, पप्पा. सुरी बी पुसा. पाण्याचा थेंब लागला त बुरशी येते, मम्मी म्हणत." जमुना भांडी सोडून पाहायला आली. म्हणाली, "साहेबाले दिसायले लागलं बाप्पा." तिला आंब्याच्या लोणच्याची वाटी भरून दिली. घेतली तिने.

किशोर आज संध्याकाळच्या गाडीने न जाता उद्या पहाटे जाणार आहे. रात्री चौघांसाठी खिचडी टाकली. चौघांसाठी म्हणजे तिघांसाठी, पण हर्षा आता दोन माणसांचं जेवते. ताटं वाढली तेव्हा तिने लीलाची बरणी आणली. आतून धुतल्यासारखी स्वच्छ. तळाशी एकच फोड, काळी झालेली.

"ही तुमची," म्हणाली. "मम्मीनं मले सांगतलं होतं, पप्पानं चाखल्याबिगर बरणी पुरी होत नाई."

मी म्हणालो, तूच खा, तुला लागते. तिने ऐकलं नाही. माझ्या ताटात वाढली.

लीलाला जाऊन आठ महिने झाले आणि तिच्या हातचं मी आज पहिल्यांदा खाल्लं. सालीसकट खाल्लं. तू विचारलं होतंस म्हणून लिहून ठेवतो. मीठ थोडं जास्त झालं आहे, लीला. पण पोरीने बरणी पुसून खाल्ली.